गच्ची गळतीय? डबा आणायच्या आधी पाण्याचा रस्ता शोधा

साताऱ्यात मे महिना अर्धा सरला की रंगाच्या दुकानात एकच मागणी असते, गच्चीला मारायला काहीतरी द्या. कुठं गळतंय, कधी गळतंय, खरंच गळतंय का नुसती ओल येतीय, हे दुकानदार विचारत नाही आणि आपणही सांगत नाही, पाणी अडवणाऱ्या कोटिंगचा वीस लिटरचा ड्रम स्कूटरवर पायाजवळ ठेवून घरी आणायचा, रविवारी रोलर फिरवायचा आणि जुलैत हॉलच्या त्याच कोपऱ्यात परत बादली ठेवायची. मग म्हणायचं कंपनीच भिकार. बहुतेक वेळा डब्यात काही वाईट नसतं हो, पाणी कुठनं शिरतंय तेच कुणी बघितलेलं नसतं. गच्चीचं काम घरच्या दोन माणसांनी नीट करता येतं, फक्त त्यातलं कोटिंग हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे. त्याच्या आधीचं जे आहे त्यावर सगळं अवलंबून असतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

शाहूपुरी, गोडोली, करंजे, शाहूनगर या भागात ज्या आरसीसी स्लॅबच्या आणि वर कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) केलेल्या एक-दोन मजली बंगल्या आहेत ना, त्यांच्यासाठी हे आहे. पत्रा किंवा कौल असेल तर तो विषय पूर्ण वेगळा.

आधी आपल्या पावसाचा अंदाज घ्या. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सातारा शहरात हजाराच्या आसपास आणि माण तालुक्यात त्याच्या निम्माच. त्यामुळं माणमधल्या दहिवडीच्या पाहुण्यानं गच्चीला जे केलं ते जास्त पावसाच्या मेढ्यात टिकेलच असं नाही, सल्ला घेताना तो कुठल्या गावचा आहे ते बघा. आता हिशोब. १००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर, तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ९३ लिटर पाणी. एका दिवसात ५० मिलिमीटर झाला (आपल्याकडं जुलैत होतोच) की साडेचार हजार लिटरच्या वर, म्हणजे पाचशे लिटरच्या नऊ टाक्या तुमच्या गच्चीवर ओतल्यासारख्या. एवढं पाणी तासाभरात पाइपातनं खाली गेलं तर जुना कोबासुद्धा वर्षानुवर्षं काम देतो, आणि तेच दोन दिवस साचून राहिलं तर कितीही महागाचं कोटिंग असूदे, कुठनं तरी वाट काढणारच.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आपला पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेच्या यवतेश्वर डोंगराच्या बाजूनं तिरका येतो आणि पश्चिमेच्या भिंतीला सलग आठ-आठ दिवस झोडपतो. घरात वरच्या कोपऱ्यात ओल दिसली की लोक म्हणतात स्लॅब गळतोय, आणि निम्म्या घरांत ते पाणी कठड्यातनं नाहीतर पश्चिमेच्या भिंतीच्या प्लास्टरमधनं आलेलं असतं. तिथं गच्चीला पाच डबे मारले तरी काही होणार नाही.

कधी सुरू करायचं

शिमगा झाला की. सिमेंटचं सगळं काम अक्षय्य तृतीयेपर्यंत उरकायचं, कारण त्याला पाणी मारायला दिवस लागतात, आणि कोटिंग रोहिणी निघायच्या आत म्हणजे २५ मेच्या आधी संपवायचं. मृगाची वाट बघत बसू नका, एप्रिल-मेमधला वळीवच दुपारी चारला येऊन ओलं कोटिंग धुऊन नेतो. घरात कुरडया-सांडग्यांचा हंगाम पण तेव्हाच असतो, त्यामुळं आईशी किंवा बायकोशी आधीच बोलून गच्चीचे दोन भाग करा, एक यांचा एक आपला, आणि आपला झाला की अदलाबदल. अर्ध्या-अर्ध्यानं काम केलं तरी चालतं, फक्त दुसरा भाग करताना पहिल्या भागावर निदान सहा इंच चढवून घ्यायचं.

पाण्याचा रस्ता

यावर एक अख्खा पावसाळा घालवला तरी तो वाया जात नाही. शक्य असेल तर या पावसाळ्यात फक्त वही ठेवा आणि दुरुस्ती पुढच्या उन्हाळ्यात करा. वहीत काय लिहायचं तर पाऊस कधी लागला, वारा होता का, आणि आत पाणी किती वेळानं दिसलं. एवढ्यावरनं बरंच कळतं.

पाऊस लागल्यावर तासाभरात टपकायला लागलं तर सरळ रस्ता आहे, म्हणजे उघडी चीर किंवा पावसाळी पाइपच्या भोवतीची फट. पाऊस थांबून दिवस-दोन दिवस झाले आणि मग टपकायला लागलं, वर ऊन पडलंय आणि खाली थेंब, तर कोब्याच्या पोटात पाणी साठलंय. वीटबॅट कोबा म्हणजे विटांच्या तुकड्यांवर सिमेंटचा थर, वीट पाणी पिते आणि ते सावकाश खाली सोडते, त्यामुळं थेंब हॉलमध्ये पडत असला तरी चीर दहा-बारा फुटांवर जिन्याजवळ असू शकते. तिसरा प्रकार, फक्त वाऱ्याच्या पावसात ओल येते आणि सरळ धो-धो पावसात काही नाही, तर कठडा, भिंत नाहीतर खिडकीवरचा छज्जा. आणि मार्चमध्येसुद्धा डाग ओला असेल तर पावसाचा संबंधच नाही, वरची टाकी, तिचा ओव्हरफ्लो, सोलरची लाइन किंवा वरच्या मजल्याचं बाथरूम बघा. टाकीची परीक्षा सोपी आहे, रात्री टाकी अर्धी-अधिक भरलेली असताना खाली जाणारे आणि टाकी भरणारे सगळे कॉक बंद करून आत पाण्याच्या पातळीला खूण करायची आणि सकाळी बघायचं.

भिंतीच्या ओलीबद्दल शंका असेल तर स्वयंपाकघरातली चांदीसारखी फॉइल घ्या, फूटभर चौकोन कापून भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं गच्च बंद करा आणि एक दिवस राहू द्या. काढल्यावर फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला दमट असेल तर ओल भिंतीच्या आतनं येतीय, खोलीकडच्या बाजूला असेल तर ती हवेतली वाफ आहे, तिथं खिडकी उघडी ठेवणं आणि बाथरूमला एक्झॉस्ट बसवणं हाच इलाज.

हे सगळं झालं की पाणी साठवून बघायचं. इथं जरा सांभाळून. इंचभर पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ किलो वजन, हजार फुटांच्या गच्चीवर ते सव्वादोन टनांच्या वर जातं, म्हणून जुन्या स्लॅबवर अख्खी गच्ची भरू नका. दहा बाय दहाचा चौकोन धरा, भोवती चिकणमातीचा चार बोटं उंच बांध घाला, मधे इंचभर पाणी, म्हणजे सगळं मिळून २३५ लिटर होतं. पाइपचं तोंड त्या चौकोनात येत असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत फडकं गुंडाळून त्याचा बोळा बसवा. ४८ तास ठेवायचं आणि खालनं छताचा फोटो दर सहा-आठ तासांनी एकाच जागेवर उभं राहून काढायचा. मग पुढचा चौकोन. उन्हाळ्यात पाणी वाया घालवायला जीव होत नाही ते खरंच आहे, म्हणून तेच पाणी बादलीनं पुढच्या चौकोनात टाका आणि शेवटी झाडांना सोडा.

कुठं हात लावायचा नाही

छताचं सिमेंट पोपडे होऊन पडतंय, आतली सळई दिसतीय, तांबूस डाग पडलेत, किंवा छताला सरळ रेषेत, एकमेकींपासून सारख्या अंतरावर चिरा पडल्यात, तर थांबा. सळई गंजली की फुगते, तिला जागा लागते आणि ती काँक्रीट फोडून बाहेर येते. हे घरगुती काम नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा आणि तो सांगेल ते करा, तिथं पाणी साठवायची परीक्षासुद्धा करू नका.

आणि दुसरं म्हणजे जुना कोबा न काढता त्याच्यावर नवीन कोबा घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. 'मालक, वरनं चार इंच मारून टाकू, बघायला नको' असं अगदी विश्वासानं सांगितलं जातं. चार इंचाचा कोबा हजार फुटांवर पंधरा टनांच्या वर वजन टाकतो, आणि तुमच्या स्लॅबचा हिशोब तीस वर्षांपूर्वी करताना ते वजन कुणी धरलेलं नसतं. आपण कोयनेच्या जिल्ह्यात राहतो, डिसेंबर १९६७ चा भूकंप घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या अजून लक्षात आहे. डोक्यावर जितकं वजन जास्त तितका हादऱ्यात धोका जास्त. कोबा खरंच खराब असेल तर तो काढून नवीन करायचा, एकावर एक नाही.

उतार मोजणं

गवंड्याचं माप आहे, फुटाला एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे लांबच्या कोपऱ्यापासून पाइप वीस फूट असेल तर वीस सूत, अडीच इंच उतार पाहिजे. तुमच्या गच्चीला तेवढा आहे का हे डोळ्यानं कळत नाही, मोजावंच लागतं, आणि त्याला यंत्र लागत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातनं तीस फूट पारदर्शक लेव्हल पाइप आणा. पाणी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकानं ओढून घ्या, नळाला लावून भरलं तर आत बुडबुडे राहतात आणि एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं, म्हणून पाइप उन्हाच्या बाजूला धरून पूर्ण लांबी डोळ्याखालनं घाला. आता एकानं लांबच्या कोपऱ्यात उभं राहायचं, दुसऱ्यानं पावसाळी पाइपच्या तोंडाशी. दोन्ही टोकं वर धरून पाणी डुलायचं थांबेपर्यंत गप थांबायचं, मग दोघांनी आपापल्या टोकाशी पाण्याची पातळी जमिनीपासून टेपनं मोजायची. कोपऱ्यात ३६ इंच आलं आणि पाइपशी साडेअडतीस, तर उतार अडीच इंच. बरोबर आहे. दोन्हीकडं छत्तीसच आलं तर गच्ची सपाट आहे, आणि पाइपशी चौतीस आलं तर पाणी उलटं कोपऱ्याकडंच जातंय. अशी आठ-दहा ठिकाणची मापं घेऊन खडूनं तिथल्या तिथं जमिनीवर लिहून ठेवा, गच्चीचा नकाशाच डोळ्यासमोर येतो.

थोडे खळगे असतील तर ते पॉलिमर घातलेल्या मॉर्टरनं (सिमेंट-वाळू-लेटेक्सचं मिश्रण, खाली चिरांत सांगितलंय) भरता येतात, त्यांची हद्द ठरवायला गच्चीवर पाणी ओतून अर्धा तास थांबा आणि जे डबकं राहील त्याच्या कडेनं खडू फिरवा. पण अख्ख्या गच्चीचाच उतार उलटा असेल तर कोटिंगचे पैसे ठेवून द्या आणि आधी जमत असेल तर त्या खोलगट बाजूला नवीन पाइप काढा. हजार फुटांच्या गच्चीला चार इंची दोन पाइप तरी हवेतच, एकच असेल आणि तोच तुंबला तर गच्चीचा तलाव होतो.

साफसफाई, जी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते

शेवाळ वाळलेलं असलं की काळा डाग दिसतो, लोकांना वाटतं सिमेंटच काळं पडलंय आणि त्यावरच रोलर फिरवतात. ते कोटिंग सिमेंटला चिकटतच नाही, शेवाळाला चिकटतं, आणि पहिल्या पावसात शेवाळ सुटलं की पापुद्र्यासकट निघतं. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून गच्चीवर पसरा, अर्धा-एक तास ठेवा, तारेच्या ब्रशनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा आणि परत एकदा हेच. हातमोजे आणि चष्मा घाला. ब्लीचिंगच्या जवळ ॲसिड अजिबात आणू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो, आणि तसंही गच्चीवर ॲसिड ओतणं वाईटच, चिरांतनं आत गेलं की सळईला खातं. जुनं सुटलेलं कोटिंग किंवा डांबर पुट्टीच्या पात्यानं खरवडून काढा. जे घट्ट धरून बसलंय ते राहूदे.

पिंपळाचं रोप असेल तर तेही आत्ताच काढायचं. कठड्याच्या सांध्यात पक्ष्यांच्या विष्ठेतनं बी पडतं आणि दोन पानांचं रोप दिसेपर्यंत मूळ वीतभर आत गेलेलं असतं. नुसतं उपटलं की वरचं तुटतं, मूळ राहतं आणि श्रावणात दुप्पट जोमानं येतं. छिन्नीनं मुळाच्या कडेनं प्लास्टर फोडून जितकं आत जाता येईल तितकं जा, मूळ कापून काढा, मगच खड्डा भरा. परत कोंब दिसला की लगेच खुडायचा, पानंच मिळाली नाहीत तर मूळ शेवटी मरतं. मीठ-बिठ ओतू नका, त्यानं मूळ मरो न मरो, लोखंड मात्र नक्की गंजतं.

चिरा

गच्ची धुऊन वाळली की लहान हातोडी घेऊन सगळीकडं हलकं ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथं वरचा थर खालनं सुटलाय, गेरूनं गोल करून ठेवा. तेवढा भाग फोडून परत भरायचा.

केसासारख्या बारीक चिरांना फोडायची गरज नाही, त्या कोटिंग आणि त्यात दाबायच्या फायबरच्या जाळीत बसतात. नख अडकतं एवढी चीर असेल तर मात्र छिन्नीनं इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करा, बोटभर रुंद, बोटभर खोल. आतली धूळ ब्रशनं आणि फुंकून काढा, पाणी मारून ओली करा पण पाणी साचलेलं नको. मग एसबीआर लेटेक्स (सिमेंटमध्ये मिसळायचं रबरी दुधासारखं पातळ रसायन, डॉ. फिक्सिटचं यूआरपी मिळतं तशा प्रकारचं, दुसऱ्या कंपन्यांचंही असतं), सिमेंट आणि पाणी यांची खीर करून खाचेत ब्रशनं घासून लावायची. ही खीर ओली असतानाच वरनं सिमेंट-वाळू-लेटेक्सचं घट्ट मॉर्टर थापीनं दाबून भरायचं, खीर वाळली की तीच पापुद्रा होते आणि सगळं सुटतं, म्हणून एकानं ब्रश मारायचा आणि दुसऱ्यानं मागोमाग भरत यायचं. किती लेटेक्सला किती सिमेंट हे डब्यावर लिहिलेलं असतं, तेच पाळा, 'थोडं जास्त घातलं की जास्त पक्कं' असं नसतं. दुसऱ्या दिवसापासून ओलं गोणपाट टाकून पाणी मारायचं, उन्हाळ्यात ऊन इतकं असतं की दुपारपर्यंत गोणपाट कडक होतं, त्यामुळं दिवसातनं तीन-चार वेळा बघावं लागेल.

एक चीर वेगळी ओळखा. जुन्या घराला नंतर खोली वाढवलेली असते, तिथं जुन्या आणि नव्या स्लॅबच्या सांध्यात सरळ चीर असते आणि ती जिवंत असते, उन्हानं मिटते, थंडीत उघडते. शंका असेल तर चिरेवर आडवी काचेची बारीक पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटनं चिकटवून तारीख टाका, काच तडकली की समजायचं हलतीय. तिच्यात सिमेंट भरलं तर दरवर्षी परत तडकणार. तिथं आत फोमची दोरी दाबून वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरायचं, ते रबरासारखं ताणतं. सीलंट महाग वाटतं पण पंधरा-वीस फुटांच्या सांध्याला तेच बरोबर आहे.

कोपरे, पाइपची तोंडं आणि कठडा

गच्चीची जमीन आणि कठडा जिथं मिळतात तो काटकोन ही सगळ्यात कच्ची जागा. तिथं वाटा करायचा, म्हणजे कोपरा गोल करून टाकायचा. कडेचं प्लास्टर चार-चार बोटं टोचून खरबरीत करा, तीच लेटेक्सची खीर लावा, आणि मॉर्टर दाबून दोन इंचाचा गोलवा द्या. हाताला सोपं पडावं म्हणून चार इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा घेऊन ओल्या मॉर्टरवरनं ओढत न्या, गोलाई एकसारखी येते. आठवडाभर पाणी. हा वाटा केला की पाणी कोपऱ्यात थांबत नाही आणि पुढं कोटिंगला पण काटकोनात वाकावं लागत नाही, कारण काटकोनातच ते पहिलं फाटतं.

पाइपच्या तोंडाशी प्लास्टिक आणि सिमेंट यांचं जमत नाही, गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरतच नाही. म्हणून भोवतीचं इंचभर फोडा, पाइपचा उघडा भाग पॉलिश पेपरनं खरबरीत करा, खाली न आकसणारं ग्राउट (फटीत भरायचं सिमेंटचं मिश्रण) आणि वर अर्धा इंच सीलंट. तोंड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बोटभर खाली पाहिजे, बऱ्याच घरांत ते वर असतं आणि कायम बशीभर पाणी तिथं थांबतं. वर घुमटासारखी जाळी बसवा, सपाट जाळी दोन पानांनी बंद होते.

कठड्याच्या माथ्याकडं कुणी बघत नाही. त्याला उतार गच्चीकडं पाहिजे, बाहेर नको, आणि तिथल्या चिरा वरच्याच पद्धतीनं भरायच्या. छज्ज्यांच्या माथ्यावर पण भिंतीशी तसाच वाटा, फक्त तिथं उतार भिंतीपासून बाहेर. पश्चिमेच्या भिंतीच्या बाहेरच्या चिरा भरून तिला बाहेरचं चांगलं कोटिंग लागतंच, पण ते काम दुसऱ्या मजल्यावर असेल तर शिडीवर चढून स्वतः करू नका, परांची बांधणारा माणूस बोलवा. घरापेक्षा आपला जीव जास्त महत्त्वाचा.

आता डबा

सिमेंटचं काम पूर्ण पिकलं आणि वाळलं की मगच. वाळलंय का बघायला रात्री प्लास्टिकचा कागद चारी कडा चिकटवून ठेवा, सकाळी खालनं पाणी सुटलं असेल तर अजून चार दिवस थांबा.

घरी हातानं मारायला पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक कोटिंग बरं, पांढरं घ्या, त्यानं ऊनही परततं आणि खालची खोली दुपारी थोडी कमी तापते. खरेदी करताना 'किती वर्षं वॉरंटी' यापेक्षा डब्यावर एका लिटरला किती चौरस फूट, किती कोटमध्ये, हे वाचा. लोकांची चूक इथंच होते, दोन डब्यांची गच्ची एकात ताणतात. यावर उपाय सोपा आहे, गच्चीवर खडूनं दहा बाय दहाचे चौकोन पाडा आणि डब्यावरच्या हिशोबानं एका चौकोनाला किती लिटर लागतं ते काढून तेवढंच बादलीत घ्या. ते त्या चौकोनातच संपलं पाहिजे. उरलं तर पातळ मारताय, आधीच संपलं तर जाड.

सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर मारायचं, दुपारी स्लॅब तव्यासारखा तापतो आणि कोटिंग खाली मुरायच्या आत वरनं साय धरतं. पहिला हात पाणी घालून पातळ, प्रायमर म्हणून, पाणी किती ते डब्यावर असतं. मग वाटा, पाइपची तोंडं आणि भरलेल्या चिरा यांच्यावर घट्ट हात देऊन ओल्यातच फायबरची जाळी दाबायची, जाळीला सुरकुती नको, जोड असेल तिथं चार बोटं एकावर एक, आणि लगेच वरनं परत ब्रश. जाळीचे चौकोन दिसेनासे झाले पाहिजेत. त्यानंतर पूर्ण गच्चीला पहिला कोट पूर्व-पश्चिम आणि तो वाळला की दुसरा दक्षिण-उत्तर, म्हणजे पहिल्यात सुटलेले बारीक ठिपके दुसऱ्यात भरतात. कठड्यावर निदान फूटभर चढवा आणि पाइपच्या तोंडात हात जाईल तिथपर्यंत आत न्या. जिन्याच्या बाजूला शेवट करा नाहीतर गच्चीवरच अडकाल. टाकीच्या स्टँडचे आणि सोलरचे पाय यांच्याखाली पण कोटिंग जायला हवं, टाकी रिकामी असतानाच ते काम काढा आणि नवीन स्टँड बसवताना स्लॅबला भोक पाडू देऊ नका, काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर बसवायला लावा.

आठवडाभर चपला घालून फिरणं बंद. मग मघाचीच चौकोनातली परीक्षा परत, त्याच जागी, ४८ तास.

आतला रंग

गणपतीच्या आधी हॉल रंगवायचा असतो म्हणून लोक ओल्या भिंतीवर लांबी (पुट्टी) भरून वॉटरप्रूफ म्हणून विकला जाणारा रंग लावतात. आतनं लावलेला कुठलाही रंग बाहेरचं पाणी अडवत नाही, पाणी भिंतीतच कोंडतं आणि दिवाळीपर्यंत फुगे येतात. गच्ची दुरुस्त झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्या, भिंत कोरडी राहिली तर डिसेंबरात पांढरा खार फुटलेला दिसेल, तो कोरड्या ब्रशनंच झाडायचा, पाण्यानं पुसला तर परत भिंतीतच मुरतो. दोन-तीनदा झाडून खार यायचा थांबला, की पोकळ झालेलं प्लास्टर काढून नवीन करा आणि मग लांबी, प्रायमर, रंग. यंदाचा गणपती डागासकट बसला तरी चालेल, मखराच्या मागं पडदा लावा.

दरवर्षीचं काम थोडंच राहतं. मृगाच्या आधी पाइपच्या जाळ्या काढून एक बादली पाणी ओतून खाली अंगणात किती वेगानं येतंय ते बघायचं, गुळगुळ करत हळू आलं तर मधे काहीतरी अडकलंय, लांब बांबूला फडकं बांधून तिथवर ढोसायचं. कोटिंगवर सायकल, झाडांच्या कुंड्या आणि लोखंडी पलंग ठेवायचे असतील तर खाली रबराचे तुकडे टाका. उरलेलं अर्धा लिटर कोटिंग घट्ट झाकणाच्या बरणीत सावलीत ठेवा, डब्यावरची मुदत आणि जाळीचा एक तुकडा सोबत, म्हणजे कुठं ओरखडा दिसला तर त्याच संध्याकाळी बुजवता येईल.